सोंड खिडकीकडे हवी

माझ्या पोटच्या पोरीने माझा माउस पळवला. ऑफिसच्या बॅगेत टाकला, चेन ओढली आणि वर मलाच म्हणाली, "शोधत बसू नकोस आई, तो चालला ऐरोलीला." मी तव्यावरची पोळी सोडून बाहेर येईपर्यंत ती फाटकाबाहेर गेलीसुद्धा. टेबलावर माउसच्या जागी एक पांढरी सपाट फरशी ठेवलेली होती. बाथरूमला लावतात तसली. ना बटण, ना चाक, ना वायर. म्हटलं, हे काय आता? आत पोळी करपली ती करपलीच.

त्या फरशीला ट्रॅकपॅड म्हणतात. माउस हातात धरून सरकवायचा, तर ह्याच्यावर नुसती बोटं फिरवायची. एक बोट, दोन बोटं, तीन बोटं, चार बोटं, आणि बोटागणिक अर्थ वेगळा. पोरीने आदल्या संध्याकाळी मला सगळं दाखवलं होतं आणि मी "हो हो, कळलं" करत मेथी निवडली होती. मला वाटलं, शिकू निवांत, माउस आहेच की. ही मुलगी माझा माउस घेऊन चालती होईल असं स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं.

आता माझं काम सांगते, म्हणजे माझा संताप कळेल. मी लग्नपत्रिका जुळवते. बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यात, तळमजल्यावरच्या आमच्या पुढच्या खोलीत माझा कॉम्प्युटर आहे. टेबल विटांवर चढवलेलं आहे, कारण नदी कधी घरात येईल ते तिचं तिलाच माहीत. टेबलाच्या एका अंगाला दार, दुसऱ्या अंगाला खिडकी. पोरगी रांगत होती तेव्हापासून मी ह्याच जागेवर बसून लोकांची लग्नं जुळवते आहे. इकडच्या पत्रिका म्हणजे चार ओळींचं काम नसतं. बारवी धरणाकडच्या पाड्यांपासून अंबरनाथपर्यंतची माणसं येतात आणि येताना अख्खी भावकी घेऊन येतात. आजोबा, काका, चुलतकाका, मामा, आत्या, त्यांचे जावई, समस्त ग्रामस्थ मंडळ, आणि सगळ्यात खाली "आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं" म्हणणारी चिल्लीपिल्ली. एक नाव वरचं खाली गेलं की मांडवात रुसवा ठरलेला. फाइल तयार झाली की ती उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या प्रेसमध्ये जाते. शेठ मला दीदी म्हणतात आणि फाइल न तपासता मशीनवर चढवतात. "दीदी का काम है, उसमें देखना क्या?" त्यांना बघायला लागेल अशी वेळ मी कधी आणली नव्हती.

माझी एक पद्धत आहे. नवी फाइल उघडली की आधी वर गणपती बसवायचा, मग खाली माणसं. आणि गणपती उजव्या हाताने बसवायचा. ज्या हाताने देवाला फूल वाहतो, ज्या हातावर तीर्थ घेतो, त्या हाताने. स्क्रीनवरचं चित्रच तर आहे, त्याला कसला आलाय डावा-उजवा, असं आमचे हे म्हणतात. म्हणू देत. त्यांना देवघरातलं निरांजनसुद्धा कुठे ठेवलंय ते सांगता यायचं नाही.

आणि फाइल बंद करण्याआधी शेवटचं काम, सोंड बघायची. पत्रिकेवर गणपती डाव्या सोंडेचाच लागतो. उजव्या सोंडेचा कडक. त्याचं सोवळं सांभाळावं लागतं, चुकलंमाकलं त्याला चालत नाही, म्हणून लग्नपत्रिकेवर आमच्याकडे कोणी तो घालत नाही. पण कॉम्प्युटरवर चित्र आरशातल्यासारखं उलटं व्हायला वेळ लागत नाही. एक चुकीचा झटका, की डाव्याचा उजवा. पोरगी लहान असताना त्या टेबलाखाली खेळत असायची. देवाचं डावं कुठलं आणि आपलं डावं कुठलं ह्याचा घोळ तीही घालायची आणि खरं सांगायचं तर मीही घालायचे. म्हणून मी सोपं करून टाकलं होतं. सोंड खिडकीकडे वळली तर बरोबर, दाराकडे वळली तर चूक. मी हाक मारली की ती टेबलाखालून मुंडकं वर काढायची, स्क्रीनकडे बघायची आणि कानठळ्या बसतील अशी ओरडायची, "खिडकीकडे!" मग मी फाइल बंद करायचे. तिला तेव्हा एक अक्षर वाचता येत नव्हतं.

तर झालं काय, माझा उजवा अंगठा गेला. गेला म्हणजे आहे जागेवर, पण चहाची कपबशी उचलायची म्हटली तरी मनगटापासून कोपरापर्यंत कळ. अंबरनाथ पूर्वेला हाडांचे एक डॉक्टर आहेत, त्यांनी मनगट असं काही वाकवलं की मी त्यांच्या तोंडावर "आई गं मेले" म्हणून किंचाळले. ते म्हणाले, शीर सुजली आहे, इतकी वर्षं माउस दाबून दाबून. पट्टा बांधायला दिला आणि म्हणाले, "माउस बंद." मी विचारलं, "किती दिवस?" ते म्हणाले, "बंद म्हणजे बंद. नाहीतर कापावं लागेल." पोरगी शेजारीच बसली होती. तिने ते एक वाक्य असं उचलून धरलं की विचारू नका.

नेमकं त्याच सुमाराला तिचं लग्न ठरलं.

"आई, पत्रिका छापायलाच कशाला हव्यात?" ती म्हणाली. "माझी मैत्रीण मोबाइलवर मस्त करून देईल. व्हॉट्सॲपवर टाकू, झालं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जगाच्या पोरींच्या पत्रिका मी केल्या. ज्यांची तोंडं पुन्हा पाहिली नाहीत त्यांच्या काकांची, मामांची नावं मी डोळ्यांत तेल घालून तपासली. आणि माझ्या एकुलत्या एका पोरीची पत्रिका कोण करणार, तर मैत्रीण, मोबाइलवर! मला ती पत्रिका करायची होती. माझ्या हाताने. ह्यापुढे एकही नाही जमली तरी चालेल, पण ही एक. हे मी तिला मायेने जवळ बसवून सांगायला हवं होतं. पण मला तसं येत नाही. मी भांडून सांगितलं. भांडी आपटून सांगितलं. तीही माझीच पोरगी, तिने दार आपटलं.

आमचे हे मध्ये बसून पेपर वाचत होते. ते म्हणाले, "दोघी मिळून घर पाडा एकदा."

शेवटी तह झाला. पत्रिका मीच करायची, पण माउसला हात लावायचा नाही. तिने आणलेला ट्रॅकपॅड वापरायचा, आणि तोही डाव्या हाताने. पोरगी जन्मापासून डावखुरी. त्यामुळे ट्रॅकपॅड तिने कीबोर्डच्या डाव्या बाजूला, स्वतःच्या हाताला जमेल तसा लावून दिला. "आणि गुपचूप बाजारातून दुसरा माउस आणलास ना," ती म्हणाली, "तर माझी शपथ आहे." लग्न ठरलेल्या पोरीने स्वतःची शपथ घातल्यावर आई काय करणार? माउसच्या दुकानासमोरून जायचीसुद्धा मला भीती वाटायला लागली.

मग सुरू झाली माझी परवड. सरावाला मी एक जुनी पत्रिका उघडली. एक बोट फिरवलं, स्क्रीनवरचा बाण सरकला. म्हटलं, जमतंय की. नावांची यादी खाली सरकवायला दोन बोटं लावली, तर चित्र मोठं व्हायला लागलं. थांब म्हटलं तरी थांबेना. बघता बघता गणपतीच्या पायाचा अंगठा अख्ख्या स्क्रीनभर! तो लहान करायला गेले तर एवढा लहान झाला की पत्रिका तिकिटाएवढी दिसायला लागली. घाबरून मी सगळा पंजाच टेकवला. पत्रिकाच गायब. मी आधी टेबलाखाली बघितलं. खरंच बघितलं, हसू नका. पोरीला फोन केला तर म्हणते, "आई, तू चार बोटांनी सरकवलंस. पत्रिका बाजूच्या पानावर गेली. परत सरकव." मी म्हटलं, "मी कशाला सरकवू? मी हात ठेवला फक्त! हात ठेवायचीसुद्धा चोरी?"

माउस निदान बिचारा मुका होता. दाबलं तर दाबलं, नाही तर पडून राहिला. ही फरशी नुसत्या श्वासाने बिथरते. फोडणी घालून हात पुसून आले तरी बोटाला काहीतरी ओल राहतेच, मग बाण अंगात आल्यासारखा नाचतो. बांगडी टेकली तरी तिला वाटतं बोट लागलं. वायर नाही हे तिचं मोठं कौतुक, पण वायर नाही म्हणून ती कॉम्प्युटरला कधी ओळखते, कधी ओळखत नाही. कॉम्प्युटर जुना, त्याच्या मागे एक नखाएवढं यंत्र खुपसलं होतं तिला जोडायला, आणि त्याच्या बाजूलाच आमचं लोखंडी कपाट. लाइट गेली आणि आली की दोघांची पुन्हा ओळख करून द्या. चार्जिंग संपतं ते नेमकं मामांच्या नावावर. कितीदा वाटलं, उचलावी आणि घालावी नदीत. आमचे हे शिफ्टवरून आले की दारातूनच विचारायचे, "आज पूजा चाललीय का भांडण?" मी म्हणायचे, "तुम्ही गप बसा आणि चहा घ्या."

पण सगळ्यात चीड यायची ती उचलून ठेवण्याच्या प्रकाराची. माउसवर एखादी गोष्ट धरली की बटण दाबलेलं असतं, सोडलं की सुटते. हातालाच कळतं. इथे दोनदा टिचकी मारायची, मग ती गोष्ट बोटाला चिकटते. बोट उचललं तरी सुटत नाही! परत टिचकी मारली की मगच सुटते. ही सोय म्हणे माझ्यासाठी मुद्दाम लावली होती, बोटाला ताण नको म्हणून. मला वाटायचं मी नाव जागेवर ठेवलं, आणि ते आपलं माझ्या बोटामागे फिरतंय. वराच्या आत्याला मी एकदा मुहूर्तावर नेऊन बसवलं.

डोळ्यांत पाणी यायचं. दुखण्याने नाही, रागाने. जे काम मी झोपेत करीन त्याला मी अंगणवाडीतल्या पोरासारखी चाचपडत होते, आणि लग्न जवळ येत होतं. रोज संध्याकाळी पोरगी यायची, पत्रिका कुठवर आली ते बघायची आणि म्हणायची, "मैत्रिणीला सांगू का?" मी म्हणायचे, "जीभ हासडीन."

गणपतीची जागा मी वर मोकळी ठेवली होती. डाव्या हाताने देव बसवायचा नाही, हे पक्कं. म्हटलं, आधी माणसं बसवू, गणपती शेवटी उजव्या हाताने, तेवढ्यापुरता पट्टा काढून. गणपतीआधी माणसं बसवायची ही पहिलीच वेळ. मनाला लागत होतं, पण इलाज नव्हता.

आणि काय सांगू, माणसं बसली. रोज थोडी थोडी. डावा हात, ज्याने मी आयुष्यात कांदा कापताना कांदा धरण्यापलीकडे काही केलं नव्हतं, तो शिकला. टिचकी, सरकव, टिचकी. आमची भावकी, त्यांची भावकी, मामा, आत्या, दोन्हीकडचे आजोबा, चिल्लीपिल्ली, सगळे आपापल्या जागी. मी तीनतीनदा वाचून काढलं. एक वेलांटी चुकली नव्हती. मी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण त्या दिवशी मी फरशी पदराने पुसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी ऑफिसला गेली, आमचे हे रात्रपाळी करून झोपले होते. मी आंघोळ करून, देवाला दिवा लावून टेबलाशी आले. पट्टा सोडला. अंगठा भोपळ्यासारखा सुजलेला. ट्रॅकपॅड उचलून उजवीकडे घेतला, उजवं बोट टेकवलं आणि गणपती आणला. साध्या रेघांतला, मला आवडतो तसा. तो जागेपेक्षा जरा रुंद होता. त्याची कड धरून थोडा आत सरकवला, आणि अंगठ्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे. बोट उचललं. मला वाटलं सुटला. सुटला कुठला! तो बोटाला चिकटूनच. मी मनगट चोळून परत बोट टेकवलं तर ती कड सरळ पलीकडे गेली. गणपती बारीक बारीक होत रेघेएवढा झाला आणि दुसऱ्या बाजूने परत रुंद होत आला. मी टिचकी मारली. तो थांबला. जागेत नेमका बसला होता.

तेवढ्यात विहीणबाईंचा फोन. "पत्रिका कधी मिळतील हो? आमच्याकडे देवाला ठेवायची आहे पहिली." मी म्हटलं, "आजच छापायला जातायत बघा." फोन ठेवला आणि त्याच घाईत फाइल शेठना पाठवली, घरच्या ग्रुपवर टाकली, पट्टा बांधला. सोंड बघितली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. टेबलाखालून ओरडायला आता कोणी नव्हतं.

भांडी घासायला घेतली तर फोन वाजला. पोरगी.

"आई," ती म्हणाली, "सोंड दाराकडे आहे."

मला आधी कळेचना. आणि मग असं कळलं की हातातलं पातेलं मोरीत पडलं. धावत जाऊन स्क्रीन बघितली. गणपती शांतपणे दाराकडे सोंड वळवून बसला होता. डाव्या हाताने केलेलं सगळं बिनचूक, आणि जे एकच काम मी जिद्दीने, कळा सोसून, उजव्या हाताने केलं, तेच उलटं. लग्नाची पत्रिका, तीही माझ्या पोरीची!

शेठना फोन लावला. मागे मशीनची धडधड. मी ओरडले, "शेठ, रोको! मशीन रोको!" धडधड थांबली. शेठनी बघितलं असावं. "अरे दीदी," ते म्हणाले, "बाप्पा तो पलट गया." मग म्हणाले, "थोडे ही निकले हैं, टेन्शन मत लो. मैं चाय पीता हूँ, तब तक दूसरी फाइल भेजो. चाय खतम तो मुझे दूसरा काम चढाना पडेगा, सीजन है. फिर आपका अगले हफ्ते ही होगा." पुढच्या आठवड्यात पत्रिका येऊन वाटणार कधी?

मी ट्रॅकपॅडवर उजवं बोट ठेवलं. ते हलेचना. सकाळच्या त्या प्रकाराने अंगठा, मनगट सगळं आखडून बसलं होतं. मी पोरीला परत फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"उजवा हात चालत नाहीये गं."

"मग डाव्याने कर."

"अगं देवाला डाव्या हाताने फिरवू? ते पण तुझ्या लग्नाच्या पत्रिकेवर?"

"आई," ती म्हणाली, "दोन्ही हात देवानेच दिलेत."

हे माझं वाक्य. ती लहान असताना डावा हात प्रसादाला पुढे करायची आणि सासूबाई तो मागे ढकलायच्या, तेव्हा मी मध्ये पडून म्हणायचे, "असू दे हो आई, दोन्ही हात देवानेच दिलेत." सासूबाई नाक मुरडायच्या, मी पोरीच्या डाव्या हातावर पेढा ठेवायचे. दर वेळी. इतक्या वर्षांनी ते वाक्य ऐरोलीच्या ऑफिसमधून माझ्याच अंगावर आलं.

"ते मी तुझ्यासाठी म्हणायचे!" मी ओरडले.

"मग आताही माझ्यासाठीच कर," ती म्हणाली. "लवकर. शेठ चहा पितायत."

मी फरशी डावीकडे घेतली. डोळे मिटून म्हटलं, बाबा रे, चुकलंमाकलं पदरात घे. डावं बोट टेकवलं. बाण हलला नाही! "मेलीचं चार्जिंग गेलं वाटतं," मी म्हटलं आणि त्या क्षणी मी देवाला, फरशीला, डॉक्टरांना, सगळ्यांना एका दमात काय काय बोलले ते पोरीच्या ऑफिसात कोणी ऐकलं नसलं म्हणजे मिळवली. "आई, बोट पुसलंस का?" ती म्हणाली. "भांडी घासत होतीस ना?" बोट ओलं होतं. पदराला पुसलं. बाण हलला. टिचकी. गणपती धरला गेला. वरच्या पट्टीतलं उलटं करायचं चिन्ह शोधलं, बाण तिथवर नेला. टिचकी.

गणपती वळला.

"खिडकीकडे?" फोनमधून तिने विचारलं.

"खिडकीकडे!" मी एवढ्याने ओरडले की आमचे हे झोपेतून उठून बाहेर आले. फाइल गेली. शेठचा फोन आला, "मिल गया दीदी, आधा कप बाकी था." माझा जीव भांड्यात पडला आणि मी खुर्चीतच रडले. आमचे हे लुंगी सावरत उभे. म्हणाले, "चहा करू का?" पहिल्यांदाच विचारलं असेल.

संध्याकाळी पोरगी येताना उल्हासनगरला उतरून प्रेसमधून सगळे गठ्ठे रिक्षात घालूनच आली. पहिली पत्रिका देवापुढे ठेवायची असते. मी हळदकुंकू लावलं, तिने पत्रिका उचलली आणि देवघरात ठेवली. डाव्या हाताने. बोलायला तोंड कुठे होतं मला?

मग तिने बॅगेतून एक कागदात गुंडाळलेला छोटा गठ्ठा काढला. सकाळी मशीन थांबेपर्यंत निघालेल्या त्या चुकीच्या पत्रिका. शेठनी दिल्या होत्या. देवाचं चित्र आहे, रद्दीत टाकायला त्यांचं मन झालं नाही. मी म्हटलं, "ठेव तिथे. नदीत सोडू." तिने वरची एक काढून घेतली आणि आपल्या नव्या साड्यांच्या पेटीत, घड्यांच्या मध्ये सरकवली.

"ती कुठे नेतेस?"

"माझ्याबरोबर. तिकडे."

"वेड लागलंय का तुला? उजव्या सोंडेचा आहे तो. सासरी नेतात का असं काही?"

"हा तू उजव्या हाताने बसवलेला आहे," ती म्हणाली. "आता परत बसवणार आहेस का उजव्या हाताने?"

मी पट्टा बांधलेल्या हाताकडे बघितलं. नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. तरी मी हेका सोडला नाही. "अगं, फार कडक असतो तो. जरा काही चुकलेलं चालत नाही त्याला."

"तुझ्यापेक्षा कडक?" तिने पेटीचं झाकण लावलं. हसत होती, पण नाक लाल झालं होतं. "तुझ्याबरोबर काढलीच ना मी इतकी वर्षं. तिकडे सगळे गोड बोलतात, आई. चुकलं तर माझ्यावर ओरडायला आहे कोण?"

मला एवढं तोंड आहे, सगळा हेंद्रेपाडा सांगेल. पण गोड बोलायला ते वळत नाही. जे येत होतं तेच केलं. स्वयंपाकघरात गेले आणि तिथून ओरडले, "बडबड पुरे! हात धू आणि जेवायला बस आधी!"